कोण ओरडतं ते बघू

कारखान्यात त्याला सगळे टेस्टर म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असायचं, तेवढंच. शर्टाच्या खिशात कायम तो पिवळ्या दांड्याचा, पोटात दिवा असलेला टेस्टर खोचलेला. लग्नाच्या फोटोतसुद्धा कोटाच्या खिशातून त्याचं टोक डोकावतं आहे, आणि त्यावरून बायकोनं तेहेतीस वर्षं त्याला टोमणे मारले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी खिसा रिकामा ठेवायला काही त्याला जमलं नाही.

कारखाना जुना होता आणि त्याचा मेन बोर्ड म्हणजे नुसता गुंता. दोनशेच्या वर स्विच, आणि कुठला स्विच कशाचा हे सांगणारी माणसं केव्हाच घरी गेलेली. इंजिनियर लोक नकाशे पसरून बसत आणि डोकं खाजवत. टेस्टरची पद्धत सरळ होती. बोर्डापाशी हा स्वतः, आणि शेडच्या पार त्या टोकाला त्याचा थोरला भाऊ, तिथला फोरमन. हा एक स्विच खाली पाडायचा. तिकडून दादाचा आवाज यायचा, "गेलीऽऽ! लेथची लाइन गेलीऽऽ!" हा खडूनं बोर्डावर लिहायचा, लेथ. मग पुढचा स्विच. "गेलीऽऽ! पंख्यांची गेलीऽऽ!" दादाचा आवाज असा, की भोंगा बिघडला तर त्याच्या हाकेवर पाळी सोडता येईल, असं लोक चेष्टेनं म्हणत.

आणि एखादा स्विच पाडून कोणीच ओरडलं नाही, तर दोघे भाऊ जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाट बघायचे. तरीही कोणी बोंब मारली नाही, की टेस्टर त्या स्विचवर लाल फुली मारायचा. मेलेली लाइन. अशा एकवीस मेलेल्या लाइनी दोघांनी मिळून शोधल्या. विजेचं बिल उतरलं, साहेबांनी दोघांना एकेक मनगटी घड्याळ दिलं, आणि टेस्टरनं त्या दिवशी एक गोष्ट कायमची डोक्यात पक्की केली. विचारत बसायचं नाही. बंद करायचं, आणि कोण ओरडतं ते बघायचं.

दादाचा तो आवाज तीन वर्षांपूर्वी गेला. सकाळी दाढी करता करता खाली बसला तो बसलाच. मेंदूत गुठळी. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा राहिला, आणि वाचा पार गेली. बाकी शुद्ध ठणठणीत. सगळं समजायचं, वाचताही यायचं; पण लिहायला घेतलं की डाव्या हातातून नुसत्या रेघोट्या निघायच्या. बोटानं दाखवायला जायचा तर पाणी हवं असताना घड्याळाकडे बोट जायचं. मग समोरच्यानं ओळखत बसायचं. त्यानं लग्न केलं नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटा राहायचा आणि तिथून हलायला साफ नकार. धाकट्यानं किती विनवण्या केल्या, तर दादानं डावा तळवा उभा धरून मान फिरवली. विषय संपला.

त्याच्या गळ्यात एक बटण असे. जाड दोरीत ओवलेलं, बोराएवढं, लाल. आणि बाहेरच्या खोलीत फळीवर एक पांढरी पेटी, तिच्यावर हिरवा दिवा. पडला-झडला तर बटण दाबायचं की मदत येते. ही सगळी व्यवस्था टेस्टरच्या बायकोनं केली. कुठून केली, कशी केली, हे टेस्टरनं विचारलं नाही, कारण तेव्हा तो हॉस्पिटलच्या बाकावर डोकं धरून बसला होता. "भाऊजींची सोय झाली," ती म्हणाली होती, "आता तुम्ही घोर लावून घेऊ नका." त्याची समजूत अशी की ते बटण हॉस्पिटलनं दिलं. घरी जाताना गोळ्या देतात, कुबडी देतात, तसं बटणही दिलं असेल.

त्या घरात कामाची वाटणीच तशी होती. वायर त्याची, पैसा तिचा. तो पगार आणून द्यायचा आणि महिन्याला खर्चायला मागून घ्यायचा. नंतर बँकेतून परस्पर पैसे कापून घेण्याची सोय झाली तेव्हा तिनं एकेक करून सगळं त्यात लावून टाकलं. तारीख आली की पैसे आपोआप जाणार, रांगेत उभं राहायला नको. ती भारी खूष होती त्यावर.

चार महिन्यांपूर्वी ती गेली. तिची पेन्शन थांबली. टेस्टरची एकट्याची पेन्शन महिन्याच्या वीस तारखेलाच धापा टाकू लागली. तिसऱ्या महिन्यात त्यानं ठेव मोडली, आणि चौथ्या महिन्यात लेकीनं फोनवर सांगितलं, "बाबा, आपोआप काय काय कापलं जातंय ते एकदा बघा तरी. लोकांचे निम्मे पैसे असेच जातात. आईनं काय काय लावून ठेवलंय कोणाला ठाऊक."

लेक दूरच्या शहरात. तिचा सल्ला बरोबरच होता. यात तिची काही चूक नाही हे आधीच सांगून ठेवतो.

शनिवारी टेस्टर बँकेत गेला आणि सहा महिन्यांचा उतारा काढून आणला. जेवणाच्या टेबलावर तो पसरला, चष्मा लावला, आणि एका कागदावर निळ्या शाईनं यादी केली. अकरा ओळी निघाल्या. विजेची आणि पाण्याची त्यानं वेगळी काढली, त्यांना हात लावायचा नव्हता. उरल्या नऊ. सिनेमे दाखवणारं काहीतरी. गाण्यांचं काहीतरी. फोटो साठवायचं काहीतरी, म्हणजे फोटोंनाही भाडं लागतं हे त्याला त्या दिवशी कळलं. पाण्याच्या फिल्टरची देखभाल. दोन वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या गाडीचा विमा! तो बघून त्यानं टेबलावर हात आपटला. एक मासिक, जे येत होतं पण कोणी उघडत नव्हतं. डोळ्यांच्या दवाखान्याची कसलीशी सभासद वर्गणी. बायकोचा मोबाइल. आणि एक ओळ, 'के. एन. सर्व्हिसेस', दरमहा सहाशे चाळीस.

ही के. एन. कोण, ते त्याच्या काही ध्यानात येईना. उताऱ्यावर एक फोन नंबर होता. त्यानं लावला. आधी एक बाई बोलली, मग संगीत वाजलं, मग तीच बाई म्हणाली की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. बारा मिनिटं त्यानं ते संगीत ऐकलं. एवढा महत्त्वाचा आहे तर उचला की, असं म्हणून त्यानं ठेवून दिला.

त्याच दुपारी तो पुन्हा बँकेत गेला. काउंटरवरच्या मुलीनं यादी बघितली आणि एकेका ओळीवर पेन्सिल ठेवत गेली.

"ही कशाची, काका?"

"तेच मला कळत नाहीये. तुमच्याकडे दिसेल ना?"

"आमच्याकडे फक्त नाव दिसतं. तुम्ही एकदा कंपनीला विचारून घ्या. घाई काय आहे?"

"अहो, विचारायचं कशाला?" टेस्टर म्हणाला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या अंगात जरा तरतरी आली. "चाळीस वर्षं हेच केलंय मी. नऊच्या नऊ बंद करा. कोण ओरडतं ते बघू. जो ओरडेल त्याचं पुन्हा चालू करायचं, नाही ओरडला तर फुली. चौदा दिवस मुदत."

मुलगी हसली. तिला ती युक्ती आवडली. सह्या झाल्या, शिक्के पडले.

फक्त बायकोच्या मोबाइलपाशी त्याचा हात जरा अडला. तो फोन अजून तिच्या उशाशी होता, आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी हा तो चार्जिंगला लावायचा. का लावायचा ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण आता तिला कोण फोन करणार? त्यानं त्याही ओळीवर सही केली आणि घरी येऊन तो फोन कपाटात तिच्या शालींखाली ठेवला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

आता मी तुम्हाला सांगूनच टाकतो, लपवाछपवी मला जमत नाही. ती सहाशे चाळीसची ओळ दादाच्या गळ्यातल्या बटणाची होती. टेस्टरला ते ठाऊक नव्हतं. के. एन.वाल्यांनी त्याप्रमाणे कळवलंही. 'आपली सेवा बंद होत आहे, चालू ठेवायची असल्यास संपर्क करा' असे तीन निरोप त्यांनी पाठवले. तिन्ही बायकोच्या नंबरवर, कारण नोंद तिच्या नावाची होती. ओरडणारा होता, पण त्याचा गळा याच माणसानं त्याच दिवशी, त्याच पेनानं बंद केला होता. सोमवारी सकाळी ती पेटी मुकी झाली. हिरवा दिवा मात्र जळतच राहिला, कारण तो भिंतीतल्या विजेवर चालायचा.

घरात इकडे आरडाओरडा मस्त चालू झाला. पहिल्याच संध्याकाळी नातीचा फोन. "आजोबा, माझं कार्टून गेलं! मध्येच गेलं!" ती तिकडे बसून इकडच्या पैशांवर सिनेमे बघत होती हा शोध लागला. टेस्टर खदखदून हसला आणि कागदावर लिहिलं, सिनेमे: नात. बुधवारी लेक ओरडली, तिचे फोटो साठायचे बंद झाले होते. शुक्रवारी फिल्टरवाला दारात, "काय साहेब, आमचं काही चुकलं का?" गाण्यांचं कोणी काही बोललं नाही. मासिकाचं नाही. विम्याचं तर शक्यच नव्हतं. के. एन.चंही कोणी चकार शब्द काढला नाही.

नवव्या दिवशी, रविवारी, नेहमीप्रमाणे टेस्टर स्कूटर काढून दादाकडे गेला. आठवड्यातून त्याची ही एक फेरी असायची. शुक्रवारी झाडलोट करायला एक बाई यायच्या, आणि बाकी दिवस दादा आपला एकटा.

दादा दारातच उभा होता. कधी नाही तो दार उघडून, चौकटीला धरून. यानं चपला काढायच्या आत त्यानं शर्टाच्या आतून बटण ओढून बाहेर काढलं आणि दाबलं. टक्. मग फळीवरच्या पेटीकडे हात. मग स्वतःच्या कानाला हात.

"कान दुखतोय?"

दादानं नाही म्हणून जोरात मान हलवली. पुन्हा बटण. टक्. पुन्हा पेटी. पुन्हा कान.

एक गोष्ट टेस्टरला माहीत नव्हती, कारण ती त्याच्यासमोर कधी घडलीच नव्हती. दर सोमवारी दहा वाजता दादा बटण दाबून बघायचा. तसा नियमच होता. पेटीतून एका मुलीचा आवाज यायचा, "के. एन.मधून बोलतेय, बाबा. सगळं ठीक ना?" आणि हा नखानं पेटीवर दोनदा टकटक करायचा. ठीक. मग ती म्हणायची, "चला, पुढच्या सोमवारी बोलू." बोलू म्हणायची ती, आणि दादाला ते फार आवडायचं. टेस्टरची बायको सोमवारी यायची तेव्हा तिनं कितीदा हे ऐकलं होतं. तिला ते घरी सांगण्यासारखं वाटलं नसेल.

टेस्टर पेटीपाशी गेला. वीजकामाची गोष्ट निघाली की त्याच्यापुढे दुसऱ्या कोणाचं काय चालणार! हिरवा दिवा चालू. त्यानं खिशातून टेस्टर काढून प्लगला लावला, पोटातला दिवा पेटला. "सप्लाय आहे," त्यानं जाहीर केलं. दादानं डाव्या हातानं फळीवर थाप मारली. "बरं बरं, सेल बघतो." बटणाचं झाकण उघडलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा सेल आणून बसवला, झाकण लावलं. "झालं. आता आठ-दहा वर्षं बघायला नको."

दादानं बटण दाबलं. टक्. तो पेटीकडे बघत राहिला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

आजारानंतर दादाला असं मधूनमधून रडू यायचं. कारण लागत नाही, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. टेस्टरनं त्याचे डोळे पुसले, चहा केला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येण्याचं मनात आणून आला नाही.

चौदा दिवस भरले. के. एन.साठी कोणी ओरडलं नव्हतं. पण टेस्टरनं लगेच फुली मारली नाही. यादी घडी करून खिशात घातली आणि सोळाव्या दिवशी, रविवारी, ती दादाकडे नेली. त्याच्या मनात काहीतरी गोड होतं. एकविसाव्या लाइनीला सतरा वर्षं झाली होती.

दादा खुर्चीत बसला होता. दोन दिवसांची दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. चालताना भिंत सोडत नव्हता. पेला आणायला स्वयंपाकघरात गेला तर एकेक पाऊल चाचपून टाकत होता, अंधारात जिना उतरावा तसं. टेस्टरला ते दिसलं. म्हातारपण, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला वाईट वाटलं.

"दादा, गंमत बघ," त्यानं यादी मांडीवर उलगडली. "आपलीच पद्धत. सगळ्या लाइनी पाडल्या. ही बघ, सिनेमे, नात ओरडली. ही फोटोंची, लेक ओरडली. आणि या सगळ्या मेलेल्या. महिन्याला दोन हजारांच्या वर वाचले, आहेस कुठे!"

दादाचं बोट सावकाश यादीवरून खाली आलं. गाणी, मासिक, विमा. मग ते थांबलं. 'के. एन. सर्व्हिसेस'वर ते थांबलं आणि तिथून हलेना. त्यानं मान वर केली. डोळे असे मोठे झाले होते, की टेस्टरला वाटलं पुन्हा झटका येतोय की काय.

"हां, तीच!" टेस्टर म्हणाला. "तीच कळत नव्हती कसली. पंधरा दिवस झाले, एक माणूस ओरडला नाही."

दादाचं तोंड उघडलं. जबडा थरथरला, जीभ मागे सरकली, गळ्यातल्या शिरा वर आल्या. तीन वर्षांत त्यानं असा प्रयत्न केला नव्हता. आवाज आला नाही, नुसती हवा आली, पण ओठ पसरले आणि त्या ओठांवरचा शब्द टेस्टरनं झटक्यात ओळखला. वर्षानुवर्षं तो शब्द शेडच्या त्या टोकाहून येत होता, तो ओळखता येणार नाही का?

"गेली!" टेस्टर आनंदानं ओरडला. "हो रे दादा, गेली! गेलीच ती लाइन! आठवतंय तुला सगळं!"

त्याला भरून आलं. आपला भाऊ आत अजून जसाच्या तसा आहे, आपल्याबरोबर पुन्हा शेडमध्ये उभा आहे, असं त्याला वाटलं. त्यानं खिशातला लाल पेन काढला. दादानं डाव्या हातानं त्याचं मनगट पकडलं, घट्ट, नखं रुतेपर्यंत. टेस्टरला तेही प्रेमच वाटलं. तसंच पकडलेल्या मनगटानं त्यानं त्या ओळीवर फुली मारली.

"बावीस," तो म्हणाला.

दादानं मनगट सोडलं. नंतर निघेपर्यंत त्यानं धाकट्याकडे पाहिलं नाही. बटण मुठीत धरून पेटीकडे तोंड करून बसला. टेस्टर निघाला तेव्हा "येतो रे" म्हणाला, आणि पाठमोऱ्या मानेकडे बघून त्याला वाटलं, दमला असेल.

मंगळवारी सकाळी अकराला पत्र आलं. जाड पाकीट, पत्ता बायकोच्या नावाचा. तिच्या नावानं आलेलं काहीही त्याच्यानं लगेच उघडवत नसे, म्हणून त्यानं आधी चहा घेतला. मग उभ्या उभ्या फोडलं.

वर चार दिवसांपूर्वीची तारीख. 'आपण सेवा बंद केल्यामुळे आमचे उपकरण या तारखेपासून तीस दिवसांच्या आत परत करावे. अन्यथा त्याची किंमत वसूल केली जाईल.' टेस्टरच्या कपाळावर आठ्या चढल्या. कसलं उपकरण? कोणी घेतलंय तुमचं उपकरण? आला बघा, शेवटी आला एक ओरडणारा, आणि तोही किंमत वसूल करायला! चांगलं खरमरीत उत्तर लिहायचं त्यानं ठरवलं, आणि ते लिहायला काय परत मागतायत ते बघू म्हणून पुढे वाचलं.

'एक, पेटी. दोन, गळ्यातले बटण, दोरीसह. उपकरण असलेला पत्ता:' आणि खाली दादाचा पत्ता होता.

तो पुन्हा पहिल्या ओळीवर गेला. मग पुन्हा पत्त्यावर. मग त्याला ते बोट आठवलं, ते ओठ आठवले, आणि ते मनगट. शर्टाची बाही वर सरकली होती. नखांच्या खुणा अजून तिथंच होत्या. त्याच्या तोंडून कसलासा आवाज निघाला, आणि बाजूच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

स्कूटर त्यानं कशी चालवली ते त्याला आठवत नाही. तो एकच हिशोब करत होता. सह्या केल्यापासूनचा पहिला आठवडा, दुसरा, आणि आता हा अर्धवट तिसरा. सोळा आणि दोन, अठरा दिवस. जवळजवळ तेवढेच दिवस दादा रिकामं बटण गळ्यात घालून भिंत धरून चालत होता. त्याला माहीत होतं. म्हणूनच तो तसा चालत होता.

दारापाशी पोचून त्यानं बेल दाबली. मग किल्ली काढली, आणि किल्ली कुलपात घालताना त्याला आतून आवाज ऐकू आला.

टक्.

थोडा वेळ काही नाही.

टक्.

"दादा! आलो रे, आलो!" किल्ली फिरेना. ती दोनदा हातातून खाली पडली. कुलूप उघडेपर्यंत आतून पुन्हा आवाज आला नाही.

दादा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. उजवा पाय भलत्याच बाजूला वळलेला. अंगाखालची फरशी ओली, पाय बर्फासारखे गार, ओठ काळसर, आणि दाढी अर्धी केलेली. गालावरचा साबण वाळून त्याची खपली झाली होती. कालची सकाळ असावी. फळीवर हिरवा दिवा छान जळत होता. डाव्या मुठीत बटण, आणि अंगठा त्यावर. अंगठ्याचं टोक सुजून निळं पडलं होतं.

डोळे उघडे होते. ते टेस्टरकडे वळले.

"मी बंद केलं," टेस्टर त्याच्याशेजारी फरशीवर बसून म्हणाला. "मला माहीत नव्हतं रे. मला माहीत नव्हतं." तो रडत होता. दादाची नजर हलली नाही.

ॲम्ब्युलन्स वीस मिनिटांत आली. दोघं जण होते, एक चालवणारा आणि एक मदतनीस बाई. बाई भराभर कामाला लागल्या. नाडी बघितली, पायाला फळी बांधली, पांघरूण गुंडाळलं. "किती वेळ पडलेत?"

"कालपासून असेल."

"कालपासून!" बाई चुकचुकल्या. त्यांना दोरी दिसली, मूठ दिसली. तसली बटणं त्यांनी पुष्कळ पाहिली असणार. "काय हो बाबा, गळ्यात बटण होतं ना? मग दाबायचं नाही का? एवढ्यासाठीच तर देतात. दहा मिनिटांत आलो असतो आम्ही."

दादानं बाईंकडे बघितलं. मग अंगठा उचलला आणि बटण दाबलं. टक्. आणि धाकट्याकडे बघितलं.

"त्यांना बोलता येत नाही का? काय सांगतायत ते?" बाईंनी टेस्टरला विचारलं.

पत्र त्याच्या शर्टाच्या खिशात होतं, त्या पिवळ्या दांड्याच्या टेस्टरच्या शेजारी. खोलीत चौघं जण होते आणि खरं काय झालं ते दोघांना माहीत होतं, त्यातला एक बोलू शकत नव्हता. टेस्टरच्या तोंडाशी आलं होतं. थोड्या वेळापूर्वी फरशीवर बसून ते त्यानं बोलूनही दाखवलं होतं. पण आता समोर गणवेशातली परकी बाई होती, तिच्या हातात कागद होता, आणि ती लिहून घेणार होती.

"विसरला असेल," तो म्हणाला. "आजारानंतर त्याचं असं होतं. विसरतो."

"हं," म्हणून बाईंनी तसं लिहिलं.

दादाचा अंगठा बटणावरून बाजूला झाला. मूठ आपोआप सुटली. त्यानं डोळे मिटले, आणि बाईंनी गालावर थोपटलं तरी ते उघडले नाहीत. "शुद्ध आहे," बाई म्हणाल्या, "नाडीपण आहे. उघडत का नाहीयेत कोण जाणे. चला, उचला."

स्ट्रेचर दारातून नेताना दोरी कडीला अडकली. बाईंनी ती दादाच्या मानेवरून काढली आणि बटण टेस्टरच्या हातात दिलं. "हे तुमच्याकडे ठेवा. तिथं लागणार नाही."

बटण अजून गरम होतं. टेस्टरनं ते खिशात पत्राजवळ ठेवलं आणि ॲम्ब्युलन्सच्या मागून स्कूटर काढली. परत करायला अजून सव्वीस दिवस होते.